मृत्यूचे कारण : हृदय बंद पडले

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त, भारत,
नवी दिल्ली

विषय : एड्सने झालेल्या मृत्यूंच्या नोंदीबाबत

महोदय,


आपलं कार्यालय सध्या २०२७च्या जनगणनेच्या कामात बुडालेलं असणार, याची कल्पना आहे. तरी हे पत्र आत्ताच लिहितो आहे. जिवंत माणसं मोजण्याचं काम ज्या कार्यालयाकडे आहे, मेलेल्यांची वहीही त्याच कार्यालयाकडे आहे, आणि त्या वहीतलं आमच्या वाशिम जिल्ह्याचं एक पान वर्षानुवर्षं चुकीचं भरलं जातं आहे. पत्र मराठीत आहे, कारण हे पान ज्यांच्या हातून भरलं जातं ते ग्रामसेवक, नगर परिषदेतले कारकून, रिसोड-मानोऱ्याकडचे डॉक्टर मराठी वाचतात, आणि यातल्या निम्म्या तक्रारी त्यांच्याही कानावर जायला हव्यात. दिल्लीत भाषांतराची सोय असेलच.

मी आरोग्य खात्यात नोकरी केली, तीही बहुतेक सगळी याच जिल्ह्यात. त्यामुळे तक्रार ऐकीव नाही. आमच्याकडे एड्सने माणसं मरतात, पण कागदावर ती एड्सने मरताना क्वचितच दिसतात. कागदावर ती टीबीने जातात, तापाने, काविळीने, अशक्तपणाने जातात. आणि सर्वांत जास्त वेळा हृदय बंद पडून जातात.

आपला नमुना क्रमांक ४ आपल्याला सांगायची गरज नाही, पण वाचकांसाठी सांगतो. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टरने हा वैद्यकीय प्रमाणपत्राचा कागद भरायचा. घरी मृत्यू झाला आणि शेवटच्या आजारात डॉक्टर बघत होता, तर त्याने ४-अ भरायचा. कागदावर एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीत मृत्यूला थेट कारण ठरलेली गोष्ट, तिच्याखाली ती कशामुळे झाली, आणि सगळ्यांत खाली मुळातला आजार. आकडेवारीत मोजला जातो तो हा खालचा, मुळातला आजार. समजा, एचआयव्हीवरच्या एआरटी उपचाराच्या गोळ्या सोडून बसलेला पस्तिशीतला माणूस मेंदूज्वराने गेला. मग पहिल्या ओळीत बुरशीजन्य मेंदूज्वर आणि खाली एचआयव्ही, इतकं सोपं आहे ते. प्रत्यक्षात काय लिहिलेलं असतं? पहिल्या ओळीत 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. खालच्या ओळी कोऱ्या, नाहीतर आडवी रेघ. हृदय आणि श्वास थांबल्याशिवाय आजवर कोण मेलं आहे? गंमत म्हणजे त्याच छापील कागदावर सूचना आहे की हृदय बंद पडणे, अशक्तपणा अशी मरण्याची तऱ्हा लिहू नका, ज्याने मृत्यू आला तो आजार लिहा. सूचना छापील आहे, बारीक अक्षरात आहे आणि बहुधा कुणी वाचत नाही.

डॉक्टरांवर मी फार चिडलेला नाही. रात्री दोनला वॉर्डात मृत्यू झालेला असतो, बाहेर नातेवाईक गाडी करून उभे असतात, सही करणारा मुलगा इंटर्नशिप संपवून नुकताच लागलेला असतो आणि हा कागद कसा भरायचा हे त्याला शिकवायला कुणाला वेळ मिळालेला नसतो. चीड येते ती पुढच्या टप्प्यावर. तसा कागद नगर परिषदेत जातो, तिथून पुण्याला, तिथून आपल्याकडे, आणि वाटेत एकाही टेबलावर कुणी तो परत पाठवत नाही. मूळ आजाराची ओळ कोरी का, असं डॉक्टरला उलटून विचारणं हा संकेतांकनाच्या शास्त्रातला रीतसर भाग आहे. रोगांच्या जागतिक वर्गीकरणात एचआयव्हीसाठी बी-२० ते बी-२४ अशी स्वतंत्र जागा आहे. एचआयव्ही असलेला रुग्ण क्षयरोगाने गेला तर त्याची गणतीही तिथेच करायची असते, क्षयरोगात नाही. पण वरच्या कागदावर एचआयव्ही हा शब्दच आला नाही तर संकेतांक देणाऱ्या कारकुनाने तो आणायचा कुठून?

हे झालं रुग्णालयाचं. खरा जिल्हा रुग्णालयाबाहेर आहे. आपल्याच २०२०च्या अहवालाप्रमाणे देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र होतं जेमतेम २२.५ टक्क्यांना. २०११च्या जनगणनेत वाशिमची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती आणि त्यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक खेड्यात राहत होते. खेड्यात माणूस घरी गेला की भाऊ किंवा मुलगा ग्रामपंचायतीत जातो आणि ग्रामसेवक नमुना २ भरतो. त्यात आजाराच्या नावाचा रकाना आहे. मृताला विडी-सिगारेटची सवय होती का, तंबाखू खायचा का, सुपारी किती वर्षं खायचा, दारू किती वर्षं प्यायचा, हेही त्यात आहे. सुपारीची वर्षं मोजणाऱ्या या कागदावर ग्रामसेवक आजाराच्या रकान्यात जे कानावर पडेल ते लिहितो. तो डॉक्टर नाही आणि त्याने डॉक्टर असावं अशी कुणाची अपेक्षाही नाही.

अशाच एका ग्रामपंचायतीत मी बसलेलो असताना मृताचा थोरला भाऊ आला होता. मृताला मी ओळखत होतो, त्याची एआरटीची हिरवी पुस्तिका मी पाहिलेली होती. भावाने ग्रामसेवकाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हटलं, "साहेब, टीबीच लिहून टाका. पोरीचं लग्न व्हायचं हाये अजून." टीबी खोटं नव्हतंच, टीबी होताच. ग्रामसेवकाने टीबी लिहिलं. मी काही बोललो नाही, आणि आजही त्या घराच्या बाजूने विचार केला तर बोलायला नको होतं असंच वाटतं.

महोदय, त्या भावाच्या एका वाक्यात जी भीती आहे तिचं उत्तर आपल्या कायद्यात १९६९ सालापासून आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १७ सांगतं की मृत्यूच्या नोंदीचा उतारा कुणालाही दिला तरी त्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. म्हणजे वारसाच्या नोंदीला, बँकेत, तलाठ्याकडे जो दाखला फिरतो त्यावर कारण नसतंच. ही गोष्ट त्या भावाला ठाऊक नव्हती. ग्रामसेवकाला ठाऊक असावी, पण त्याने सांगितली नाही. आजही जिल्ह्यातल्या कुठल्याही नोंदणी केंद्राच्या भिंतीवर 'मृत्यूचे कारण दाखल्यावर छापले जात नाही' अशी पाटी मला दिसलेली नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करा ही पाटी मात्र सगळीकडे आहे.

उलट २०२३च्या दुरुस्तीने एक नवी अडचण करून ठेवली. १ ऑक्टोबर २०२३पासून दवाखान्याने कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला मोफत द्यायचं आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची. हेतू चांगला आहे, घरच्यांना कारण कळायला हवं यात वाद नाही. पण ती प्रत हातोहात फिरते. अंत्यविधीच्या गडबडीत ती चुलत्याच्या खिशात जाते, मग विम्याच्या एजंटाकडे, मग पतसंस्थेत. डॉक्टरला हे माहीत असतं. कलम १७ने जे झाकलं ते या प्रतीने उघडं पडतं, म्हणून डॉक्टर पुन्हा 'अरेस्ट'वर येतो. दुरुस्तीने प्रमाणपत्रांची संख्या वाढेल, पण एचआयव्हीपुरती त्यांतली खरी माहिती घटेल, अशी माझी भीती आहे. ती चुकीची ठरली तर मला आनंद होईल.

दुसरं कारण डॉक्टर सांगतात ते २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं. हा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे आणि रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला त्याने बंदी घातली. योग्यच केलं, या रोगाने गावागावात माणसांचं काय केलं ते आम्ही पाहिलं आहे. पण ओळख पटणार नाही अशा सांख्यिकी माहितीसाठी आणि कार्यक्रमाच्या सरकारी देखरेखीसाठी त्याच कायद्यात वाट ठेवलेली आहे. नमुना ४ मधली नोंद त्या वाटेने जाते की नाही, हे आपलं कार्यालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी एकत्र बसून, एका पानाच्या परिपत्रकात, साध्या भाषेत सांगायला हवं. तसं परिपत्रक कुठे असेल तर ते आमच्या डॉक्टरांच्या टेबलापर्यंत आलेलं नाही. तोवर प्रत्येक डॉक्टर आपल्यापुरता कायदा ठरवतो, आणि नोकरी सांभाळणारा माणूस अशा वेळी काय ठरवेल हे सांगायला नको.

मग देशाचा आकडा येतो कुठून? सरकारी अंदाजाप्रमाणे २०२३ साली देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्यांतले सर्वाधिक महाराष्ट्रात, आणि त्या वर्षी एड्सशी संबंधित मृत्यू सुमारे ३६ हजार. हे ३६ हजार मृत्यू कुणी मोजलेले नाहीत. गरोदर मातांच्या तपासण्या, जोखमीच्या गटांची पाहणी, एआरटीवर किती लोक आहेत ती संख्या, हे सगळं एका गणिती प्रारूपात घालून हा आकडा निघतो. त्यात गैर काही नाही, जगभर असंच करतात. पण अंदाज किती सरकू शकतो हे आपण एकदा पाहिलं आहे. २००७च्या जुलैमध्ये देशातल्या बाधितांचा अंदाज पन्नास लाखांहून अधिक होता तो एकदम २५ लाखांवर आला, कारण तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदा घरोघरचं रक्त एचआयव्हीसाठी तपासलं गेलं होतं. म्हणजे प्रत्यक्ष मोजल्यावर अंदाज निम्मा झाला. मृत्यूंच्या बाबतीत तशी प्रत्यक्ष मोजणी आपण आजही करत नाही.

नाही कसं म्हणू? एकदा केली होती, आणि आपल्याच कार्यालयाने केली होती. 'मिलियन डेथ स्टडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात आपले नमुना नोंदणीचे, म्हणजे निवडक गावं-वॉर्डांतले जन्म-मृत्यू टिपणारे, कर्मचारी ११ लाख घरांत गेले. २००१ ते २००३ या काळात गेलेल्या माणसांबद्दल घरच्यांना विचारलं, कधीपासून आजारी होता, वजन किती उतरलं, जुलाब होते का, तोंडात छाले होते का, आणि ती उत्तरं डॉक्टरांनी वाचून कारण ठरवलं. २०१०मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यातला एचआयव्हीचा भाग छापून आला. अंदाज निघाला की देशात वर्षाला सुमारे एक लाख मृत्यू एचआयव्हीने होत होते, म्हणजे १५ ते ५९ वयातल्या एकूण मृत्यूंपैकी ३.२ टक्के; आणि २५ ते ३४ या वयात तर ८.१ टक्के. त्याहून माझ्या कामाची गोष्ट पुढे होती. या तरुण वयातल्या एचआयव्हीच्या मृत्यूंपैकी एड्स म्हणून ओळखू येणारे होते साधारण ४० टक्के. २६ टक्के क्षयरोगाच्या नावावर आणि उरलेले इतर आजारांच्या. वाशिमच्या ग्रामपंचायतीत तो भाऊ जे लिहून घेत होता, तेच देशभर चाललं होतं, आणि ते आपल्या कार्यालयाला तेव्हाच कळलं होतं.

जिल्ह्याच्या पातळीवर तर ही पद्धत पोहोचतच नाही. नमुना नोंदणीची गावं-वॉर्ड देशात मिळून साधारण पावणेनऊ हजार. त्यांतली आमच्या सहा तालुक्यांच्या वाट्याला येणार किती, आणि त्यांत एचआयव्हीचे मृत्यू सापडणार किती? राज्याचा आकडा बरा निघेल. वाशिमचा निघणार नाही.

त्यात आणखी एक भानगड. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, माणूस राहतो तिथे नाही. वाशिम १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला, पण गंभीर रुग्ण आजही अकोल्याला नेतात, नाहीतर नागपूर-नांदेडला. मंगरुळपीरचा माणूस अकोल्यात गेला तर त्याची नोंद अकोल्याच्या महापालिकेत. दिवाळीनंतर पुण्याकडे कामाला गेलेला पिंपरीत गेला तर तिथे. राहत्या पत्त्याचा रकाना नमुन्यात असतो, पण त्या पत्त्यानुसार मृत्यूचं कारण मोजलेला तक्ता आमच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर मी कधी पाहिला नाही. म्हणजे आमचा मेलेला माणूस अकोल्याच्या आकड्यात, तेही चुकीच्या कारणाखाली.

याच्या अगदी उलटी वही एआरटी केंद्रात असते. तिथे प्रत्येक रुग्णाचं पांढरं कार्ड असतं, 'सोच' नावाच्या संगणक प्रणालीत त्याची नोंद असते. महिन्याच्या गोळ्या न्यायला तो आला नाही की समुपदेशक फोन करतात, गावात निरोप धाडतात. कळलं की गेला, तर कार्डावर 'मृत'. काहीच कळलं नाही तर 'संपर्कात नाही'. या संपर्कात नसलेल्यांत किती जण कामासाठी परगावी आहेत आणि किती जमिनीखाली, हे केंद्राला माहीत नसतं. आपल्या नोंदणी प्रणालीला माणूस गेल्याचं माहीत असतं, त्याला एचआयव्ही होता हे माहीत नसतं. क्षयरोगाच्या 'निक्षय' प्रणालीत तर बऱ्याच जणांची एचआयव्ही तपासणीही नोंदलेली असते. तिन्ही सरकारी आहेत, तिन्ही संगणकात आहेत, आणि आमच्याकडे तरी तिघांची एकमेकांशी ओळख दिसत नाही.

एवढी उठाठेव कशाला, गेलेला माणूस तर परत येत नाही, असं मला माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकीच काही जण विचारतात. त्यांना मी विचारतो, कसा गेला ते सांगा. आजार उशिरा कळला आणि एआरटी सुरू होऊन दोन महिन्यांत गेला, की पाच वर्षं नीट गोळ्या घेऊन मध्येच सोडल्या म्हणून गेला, की पंधरा वर्षं गोळ्या घेऊन पंचावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला? पहिल्यासाठी तपासणी लवकर व्हायला हवी आणि ग्रामीण रुग्णालयात मेंदूज्वराची, क्षयरोगाची तातडीची चाचणी हवी. दुसऱ्यासाठी गोळ्या त्याच्या कामाच्या गावी मिळायला हव्यात. तिसरा तर कार्यक्रमाचं यश आहे, त्याला रक्तदाबाची गोळी हवी होती. एचआयव्ही होता म्हणून प्रत्येक मृत्यू एड्सच्या खात्यात टाका, असं माझं म्हणणं अजिबात नाही. मोफत एआरटी २००४च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, तेव्हापासून माणसं जगताहेत, म्हातारी होताहेत, शेतात साप चावून जाताहेत, समृद्धी महामार्गावर अपघातात जाताहेत. त्यांना एड्समध्ये मोजणं हीही तितकीच चूक होईल.

आणि मागे राहिलेली बाई. बऱ्याच घरांत बायकोचं निदान गरोदरपणाच्या तपासणीत आधी होतं, नवऱ्याचं नंतर. पण जिथे तसं झालं नाही, तिथे नवरा 'टीबीने' गेला की तिची तपासणी करायला कुणी सांगत नाही. ती आजारी पडते तेव्हा गाव म्हणतं, दुःखाने खंगली.

मृत्यूचं कारण नीट शोधणं आपल्या व्यवस्थेला जमत नाही असं नाही, आणि आमच्या जिल्ह्याला तर ते चांगलं ठाऊक आहे. पश्चिम विदर्भातला हा जिल्हा. शेतकऱ्याने आत्महत्या केली की तहसीलदार जातो, पोलिस जातात, कृषी खातं जातं, सातबारा, कर्ज, पंचनामा सगळं जमतं आणि जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते, मृत्यू मदतीला पात्र की अपात्र. त्या पद्धतीवर आमचे आक्षेप पुष्कळ आहेत, ते वेगळ्या पत्राचे. पण कारणाची चौकशी होते. बाळंतीण दगावली तर तिच्या मृत्यूचं अन्वेषण जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातं. कोविडमध्ये तर कारणाच्या नोंदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१मध्ये सांगितलं आणि सप्टेंबरात मार्गदर्शक सूचना आल्या. प्रमाणपत्रावर कोविड नसेल तर जिल्हा समितीकडे अर्ज करा, समिती कागद बघून ठरवेल. पन्नास हजारांची मदत जोडली गेली आणि जी घरं कालपर्यंत कोविड हा शब्द लपवत होती ती तो शब्द लिहून घ्यायला रांगेत उभी राहिली. एड्सला अशी रक्कम जोडा असं मी म्हणणार नाही, त्याने नवे घोळ होतील. पण समिती, कागदांची छाननी, चुकीची दुरुस्ती हे सगळं दोन-तीन महिन्यांत उभं राहू शकतं हे आपण करून दाखवलं आहे.

बाहेरही पाहण्यासारखं आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९६ ते २००६ या काळातल्या एड्स मृत्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यू दुसऱ्याच कारणांवर टाकले गेले होते, असं २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेल्या अभ्यासाने दाखवलं. ज्या वर्षांत ही माणसं मरत होती, त्याच वर्षांत तिथले राज्यकर्ते एड्सच्या औषधांवर शंका घेत बसले होते. ब्राझीलने वेगळी वाट धरली. तिथलं आरोग्य मंत्रालय मृत्यूची नोंद, रोगाची नोंद आणि औषधवाटपाची नोंद एकमेकांशी ताडून बघतं आणि सुटलेले रुग्ण त्यातून शोधतं.

आता मागण्या. पहिली मागणी स्वस्त आहे : प्रत्येक नोंदणी केंद्रावर मराठीत पाटी लावा की दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलं जात नाही, आणि ग्रामसेवकाने कारण विचारण्याआधी ते तोंडी सांगावं. दुसरी आपल्या अखत्यारीतली आहे. नातेवाइकाला द्यायच्या प्रतीत एचआयव्हीसारख्या आजारांचं काय करायचं हे एड्स नियंत्रण संघटनेशी बोलून ठरवा. कारण घरच्या जबाबदार व्यक्तीला समुपदेशकासमोर सांगावं आणि कागद बंद पाकिटात जावा, एवढी पद्धत बसवता येईल. तिसरी : मूळ कारणाची ओळ कोरी असलेलं किंवा नुसतं 'अरेस्ट' लिहिलेलं प्रमाणपत्र संगणकाने स्वीकारूच नये, आणि दरवर्षी जिल्ह्यानुसार अशी किती प्रमाणपत्रं आली ते आपण छापावं. आकडा छापून आला की जिल्हा शल्यचिकित्सक आपोआप लक्ष घालतील, हा माझा अनुभव आहे.

'सोच', 'निक्षय' आणि मृत्यूची नोंद यांची सांगड घाला. नावं उघडी करून नव्हे. सांकेतिक स्वरूपात, राज्य पातळीवर, २०१७च्या कायद्यातल्या माहितीसुरक्षेच्या अटी पाळून. त्यातून संपर्कात नसलेल्यांपैकी किती हयात नाहीत तेवढं तरी कळेल. आणि कारणांचा तक्ता राहत्या जिल्ह्यानुसार काढा, म्हणजे वाशिमचे मेलेले वाशिमला परत मिळतील.

घरी झालेल्या मृत्यूंसाठी, निदान १५ ते ५९ वयासाठी, मिलियन डेथ स्टडीची ती प्रश्नावली वाशिममध्ये वर्षभर वापरून बघा. जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, दर महिन्याला कसले कसले निर्देशांक भरतोच, त्यात क्षयरोगही आहे. हा एक आणखी. फक्त एक विनंती, ही प्रश्नावली त्याच गावच्या आशाताईंच्या हातात देऊ नका. त्या कामाला कमी पडतील म्हणून नाही. त्या गावातच राहतात, आणि त्यांच्यासमोर कुणी तोंड उघडणार नाही. दुसऱ्या उपकेंद्राचा माणूस पाठवा.

शेवटची मागणी आपल्याकडे नाही, पण आपण शब्द टाकू शकता. ऑक्टोबर २०२४मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. तिथली पहिली तुकडी अजून वॉर्डात सही करायला लागलेली नाही. नमुना ४ भरण्याचा एक तास त्यांच्या वेळापत्रकात आत्ताच घालता येईल, आणि तो नुसता व्याख्यानाचा नको, खऱ्या केसपेपरवरून कागद भरून घेण्याचा हवा. ही मुलं सही करू लागतील तेव्हा मूळ आजाराची ओळ कोरी सोडायची सवय त्यांना लागलेली नसावी.

उत्तराची अपेक्षा आहे. ते मराठीत आलं तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल.

कळावे.

आपला,
एक निवृत्त आरोग्य कर्मचारी,
वाशिम

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. मुख्य निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी, महाराष्ट्र राज्य
मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबई
मा. जिल्हाधिकारी, वाशिम
जिल्ह्यातील मृत्यूच्या कागदावर सही करणारे सर्व डॉक्टर